सागाचे पैसे आणि बापूमामाचा आहेर

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बागेतल्या बाकावर बसले होते. डॉक्टरांनी रोज सकाळी चालायला सांगितलंय, म्हणून मी चालत बागेपर्यंत जाते आणि तिथं बसते. आमच्या घरी त्याला ‘फिरणं’ म्हणतात. फोन विजूचा, माझ्या मामेभावाचा. “ताई, बाबा गेले,” एवढंच तो म्हणाला. आणि मी, पन्नाशी ओलांडलेली, दोन लेकरांची आई, काय विचारावं? “कुणाच्या लग्नाला?” … लग्नसराई चालू होती, आणि लग्नसराईत बापूमामा घरी सापडला असं आजवर कधी झालेलं नव्हतं. पलीकडं विजू हसला, आणि मग रडायला लागला. तेव्हा मला काय ते कळलं. नंतर विजू म्हणाला, “ताई, त्या दिवशी मला रडू यायच्या आधी हसू आलं. आणि पहिला विचार आला तो हा, की हे बाबांना सांगायला पाहिजे.”

बापूमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. गाव सिल्लोडकडचं. मका, कापूस, थोडी कोरडवाहू जमीन. आयटीआय करून तो वाळूजला एका कारखान्यात फिटर म्हणून लागला, आणि तिथंच शेजारी रांजणगावला त्यानं दोन खोल्या बांधल्या. अंगानं काडी. कुणाच्याही घरी गेला की बसायच्या आधी घरातलं काय बिघडलंय ते विचारायचा. पंखा खडखडतोय, मिक्सरला वास येतोय, असं काही निघालं की त्याचा चेहरा खुलायचा. सगळं ठीक आहे म्हटलं तर जरा नाराजच व्हायचा. आम्ही भाच्या त्याच्यासाठी एखादी वस्तू मुद्दाम बिघडलेली ठेवत असू. माझ्या बाबतीत मुद्दाम करायची गरज पडायची नाही. माझ्या हातात वस्तू आली की ती आपोआप मामासाठी तयार व्हायची.

हा माणूस एका कंपनीचा एजंट कसा झाला, हे अजून मला नीट सांगता येत नाही. त्या काळी आमच्याकडं (शहराचं नाव औरंगाबाद होतं तेव्हा) झाडं लावणाऱ्या कंपन्यांची साथच आली होती. पेपरात हिरवीगार जाहिरात यायची. तुम्ही पैसे भरा, कंपनी तुमच्या नावानं सागाची झाडं लावेल, वाढवेल, आणि तुमची पोरं लग्नाला येतील तेव्हा झाडं तोडून त्याचे लाखांनी पैसे तुमच्या हातात देईल. मामा आठवडाभर फिटर आणि सुट्टीच्या दिवशी एजंट. तो खोटं बोलणारा असता तर गोष्ट सोपी होती. त्याचा स्वतःचाच विश्वास बसला होता. पहिले पैसे त्यानं स्वतःचे भरले, मग भावकीचे. “आपण झोपलो तरी झाड झोपत नाय,” असं तो सांगायचा, आणि ऐकणाऱ्याला त्या रात्री खरंच झाड वाढल्याचा आवाज यायचा.

एकट्या आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, हे पटलं नाही. “आरं, आपल्या बांधावर लाव की साग. माती आपली, पानी आपलं. दुसऱ्याच्या रानात झाड लावायला पैसे कामून देतो?”

“आबा, बांधावरच्या झाडाला सर्टिफिकेट मिळतं का?”

आबा उठून बैलांना वैरण टाकायला गेले. बी तळहातावर घेऊन उगवेल की नाही हे सांगणारी आमची माणसं. त्यांनी न बघितलेल्या रानातल्या न बघितलेल्या झाडांना पैसे दिले, कारण कागदाला सोनेरी काठ होता आणि कोपऱ्यात सागाचं रंगीत चित्र होतं. मी तेव्हा नुकतीच बी.कॉम. झाले होते. घरात एवढं इंग्रजी वाचणारी मीच, त्यामुळं सगळे कागद माझ्यासमोर आणले जायचे, मी ते गंभीर चेहऱ्यानं वरपासून खालपर्यंत बघायचे आणि “बरोबर आहे” म्हणायचे. काय बरोबर आहे ते कुणी विचारलं नाही, हे माझं नशीब.

ती सर्टिफिकिटं मामानं शहरात नेऊन लॅमिनेट करून आणली. पावसाळ्यात कागद खराब व्हायला नको म्हणून. मग ती ज्याच्या त्याच्या देवघराशेजारी टांगली गेली. आमच्याकडं आई दर पाडव्याला त्याला हळदकुंकू लावायची. झाड म्हणून लावते की लक्ष्मी म्हणून, ते तिलाही माहीत नसावं.

आईचे पैसे म्हणजे तिच्या पाटल्या. आबांनी तिच्या लग्नात घातलेल्या. माझे वडील गेल्यावर घरात मोठी रक्कम अशी तीच होती. मामा नको म्हणत होता, हे मी स्वतः ऐकलंय. “आक्का, सोनं राहू दे. तू नको भरू.” पण आईचा धाकट्या भावावर असा विश्वास, की सगळ्यांनी भरले आणि आपण मागं राहिलो तर बापूला वाईट वाटेल, म्हणून तिनं पाटल्या मोडल्या.

पुढं काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. एका सोमवारी मामा पावत्या जमा करायला कंपनीच्या समर्थनगरातल्या ऑफिसात गेला तर दाराला कुलूप. शेजारी शिलाई मशीन चालवणारे एक चाचा होते. ते मान वर न करता म्हणाले, “बापूभाई, वो लोग तो गए. पंखे तक उतार के ले गए. घडी छोड़ दी, वो बंद थी।” मामा दुपारपर्यंत त्या जिन्यात बसून राहिला. चाचांनी दोनदा चहा पाजला. घरी आल्यावर मामीला तो पहिलं वाक्य काय बोलला? “घड्याळ तर मी चालू करून दिलं असतं.”

आबा त्याला रागावले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, “निजाम गेला, पोलीस ॲक्शन झाली, तरी त्याचा हाली रुपया सरकारनं बदलून दिला. तुझी कंपनी निजामापेक्षा मोठी व्हती का रं?”

पैसे गेले तरी झाडं कुठं जातील, असा मामाचा हिशेब. जमिनीत आहेत ना! कागदावर रानाचा गट नंबर होता, कन्नडच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला. मामानं मला बरोबर घेतलं. कुणी इंग्रजीत बोललंच तर असावी म्हणून. एस.टी.नं गेलो, पुढं बरंच चाललो. मी तेव्हाही चालण्यात अशीच होते, निम्मा रस्ता मामानं माझी पिशवी आणि माझी कुरकूर दोन्ही वाहिल्या. रान सापडलं. कुंपणाचे दगडी खांब होते, तार कुणी तरी काढून नेलेली. आत वाळलेल्या काड्यांच्या रांगा, आणि त्यात एक धनगर बाई बकऱ्या चारत होती. इंग्रजीचा प्रश्न तिथंच निकालात निघाला.

“मावशी, हितं कंपनीची झाडं व्हती ना?” मामानं विचारलं.

“व्हती की. एक बाप्या पानी घालाया यायचा. मंग त्याचाच पगार थकला, त्यो गेला. झाडं वाळली.”

“का तुमच्या बकऱ्यांनी खाल्ली?”

बाई चिडली. “सागाला बकरू तोंड लावत नाय! येवढं ठावं नाय अन् साग लावायला निघाला व्हय?”

मामा माझ्याकडं वळून म्हणाला, “बघ पोरी, नशीब कसं असतं. बकऱ्यांनी खाल्ली असती तर हिच्याकडं दूध तरी मागितलं असतं.” तो हसला. मीही हसले. मग येताना एस.टी.त कन्नड येईपर्यंत तो तिकिटाची गुंडाळी करत आणि सोडत बसला. कन्नडच्या स्टँडवर म्हणाला, “बाकीच्यांचं काय बी होवो. आक्काच्या पाटल्या मला आणून द्यायच्यात. बापाचं सोनं हाय ते.”

पुढं मामा मला ‘वकीलीणबाई’ म्हणायला लागला, ते कसं ते सांगते. कंपनी बुडाली की पैसे मागायची एक रीत असते. कोर्ट एक सरकारी माणूस नेमतं, त्याला अवसायक म्हणतात; आमचा मुंबईला बसायचा. तो कंपनीचं जे काय उरलंसुरलं असेल ते विकतो आणि ज्यांचे पैसे बुडाले त्यांना वाटतो. त्यासाठी आपण अर्ज करायचा, प्रतिज्ञापत्र जोडायचं, मूळ कागद दाखवायचे. हे सगळं मी लिहीन, असं मी भावकीसमोर जाहीर केलं. मी लिहिलेलं पहिलं इंग्रजी पत्र असं काही भारदस्त होतं की त्याचं उत्तर द्यायची मुंबईत कुणाची हिंमत झाली नाही. दुसऱ्या पत्रालाही नाही. तिसऱ्या वेळी मामानं छापील नमुना कुठून तरी पैदा केला आणि म्हणाला, “वकीलीणबाई, तुमचं राहू द्या. नुसत्या मोकळ्या जागा भरा.”

आम्ही दोघं सगळ्यांची सर्टिफिकिटं घेऊन कोर्टाबाहेरच्या नोटरीकडं गेलो. त्यानं शिक्का उचलला, कागदावर मारला, आणि शिक्का घसरला. परत मारला, परत घसरला. शाई प्लास्टिकवर थेंब होऊन उभी. “अहो, हे लॅमिनेट कुणी केलंय?” नोटरीनं विचारलं. “एवढ्या वर्षांत मी बुडालेल्या कंपनीचे कागद फाटके बघितले, उंदरानं खाल्लेले बघितले. एवढे जपलेले पहिल्यांदा बघतोय!” मामानं घरी येऊन ब्लेडनं प्लास्टिक सोलायचा प्रयत्न केला, तर रंगीत साग सोनेरी काठासकट वर निघून आला आणि खाली नुसता पांढरा कागद. शेवटी झेरॉक्स काढून त्यावर शिक्के घेतले, आणि जाड पाकीट मुंबईला गेलं.

पैसे मिळायचा क्रम मामानं भावकीला समजावला तो असा. “हे बघा, ही पंगत हाय. आधी बँक बसती, कारण तिनं जमीन गहाण ठेवून घेतलेली. तिच्या शेजारी कामगार. मग सरकारचा कर. त्यांचं जेवून झालं की आपण. तवा भांड्यात काय असंल ते आपलं.”

“आन् काय नसंल तर?” आईनं विचारलं.

“मग आपण भांडी घासायची, आक्का.”

मात्र पंगतीची वाट बघत बसणं मामाला जमलं नाही. कुणी पैसे मागत नव्हतं, आणि त्याला तेच सहन होत नव्हतं. लोक मागत नव्हते, पण नाव मात्र ठेवत होते. लग्नाला गेला की पाठीमागून हाक यायची, “आला का सागवान?” हसायचे. मामाही हसायचा. पण हळूहळू तो घरून जेवून लग्नाला जायला लागला. अक्षता टाकायच्या आणि मांडवाच्या बाहेर कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न दुरुस्त करत उभं राहायचं. पंगतीला बस म्हटलं तर, “पोट बरोबर नाय.” ज्या माणसानं आयुष्यात कधी जिलेबीला नाही म्हटलं नव्हतं, त्याचं पोट दोन लग्नसराया बरोबर नव्हतं.

मग त्यानं वाळूजला जादा पाळ्या घ्यायला सुरुवात केली. सुट्टीच्या दिवशी विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायला लागला, त्या तांब्याच्या तारेच्या कामात बोटं सोलून निघायची. शकुमामी शेजारणींच्या साड्यांना फॉल लावायची आणि म्हणायची, “आमच्याकडं एका कंपनीचा पगार येतो आणि दुसऱ्या कंपनीपायी जातो. मधल्या मधी आम्ही फकस्त दार उघडायला.” थोडे पैसे जमले तसा मामा पाकीट घेऊन पहिल्यांदा दगडूकाकाकडं गेला. दगडूकाका म्हणजे मामाचा चुलत चुलता, भावकीतला वडीलधारा. त्यानं पाकीट बघितलं आणि उठूनच उभा राहिला.

“मला येवढं हलकं समजतो का रं? तुझ्या लेकरांच्या तोंडचा घास घेऊ? कंपनीनं बुडवले, तिच्याकडून आण, नाय तर चहा पी अन् घरी जा.”

आईनंही तेच केलं. तिचं म्हणणं तर वकिलालाही खोडता आलं नसतं. “मी पैसे तुला दिले का कंपनीला? पावती कुनाची हाय? मंग तू कामून देतो?” मी मामाला सांगितलं, कायद्यानं आईचं बरोबर आहे, एजंटाकडून वसुली होत नाही. मामा म्हणाला, “कायद्यात नसंल, पोरी. भावकीत असती.”

आणि इथं मामाला ती युक्ती सुचली.

आमच्याकडच्या लग्नात मांडवाच्या कोपऱ्यात एक टेबल असतं. एक जण वहीत आहेर लिहितो, दुसरा माइकवरून पुकारतो. अमक्यांकडून एकावन्न रुपये, तमक्यांकडून एकशे एक. आता कुणाचे पैसे नाकारता येतात, पण लग्नातला आहेर नाकारता येतो का? अपमान होतो! मामानं ठरवलं, ज्याच्या घरी लग्न निघेल, त्याचं मुद्दल आहेरात घालायचं. पहिलं लग्न दगडूकाकाच्या नातीचं निघालं. माइकवाला आपल्या लयीत एकावन्न, एकशे एक करत चालला होता, आणि मध्येच अडखळला. “रांजणगावचे बापूराव यांच्याकडून … पाच हजार एक रुपये!” सगळा मांडव माइककडं वळला. वाजंत्रीवाल्यानं सुद्धा सनई खाली घेतली.

मामाला वाटलं होतं, चला, एक ओझं उतरलं. झालं उलटंच. दुसऱ्या दिवसापासून बोलणं सुरू झालं. “बघा! कंपनी बुडाली, ह्याचं काय बुडालं? आहेराला हजारांनी देतो. खाल्लेत बेट्यानं!” जितके पैसे तो परत देई, तितकी त्यानं पैसे खाल्ल्याची खात्री लोकांना पटत जाई. पुढच्या लग्नात त्यानं माइकवाल्याच्या हातापाया पडून सांगितलं, बाबा, माझा आहेर पुकारू नको. तो म्हणाला, “असं कसं? न पुकारलेला आहेर चोरीचा वाटतो.” आणि जरा जास्तच मोठ्यानं पुकारला.

हे असं दोन-तीन वर्षं चाललं. मग कुणाच्या तरी घरात पुरुषमाणसाला ते आकडे ओळखीचे वाटायला लागले. पाच हजार एक. साडेतीन हजार एक. जेवढे त्याच्या घरून गेले होते तेवढेच, वर एक शुभाचा रुपया. दगडूकाका एकदा आमच्याकडं येऊन आईजवळ बसला आणि म्हणाला, “आक्के, तुझ्या भावानं मला मांडवात येड्यात काढलं. मला वाटलं आहेर हाय.” त्यानंतर मामाला लग्नात कुणी ‘सागवान’ म्हणायचं बंद झालं असं नाही. म्हणायचेच. पण आता हाताला धरून पंगतीला बसवताना म्हणायचे, आणि ताटात जिलेब्या पडायच्या.

आईसाठी त्यानं माझं लग्न धरून ठेवलं होतं. भाचीला बोहल्यावर मामानं न्यायचं असतं, ते त्यानं केलं. माझ्या शालूत माझाच पाय अडकला तेव्हा सावरलंही. मग भावाचा बहिणीला आहेर. आईनं साडी घेतली, आणि साडीच्या घडीत हाताला काही टणक लागलं. पाटल्या. तशाच जुन्या घडणीच्या, गुलमंडीजवळच्या एका सोनाराकडून सांगून करवून घेतलेल्या. आई त्याच्याकडं बघत राहिली. चार माणसांत नाही म्हणायची सोय नव्हती, आणि त्याला तेच पाहिजे होतं. तिनं पाटल्या हातात चढवल्या आणि फक्त एवढंच म्हणाली, “लई शहाना झाला.” त्या दिवशी मामा सगळ्यात शेवटच्या पंगतीपर्यंत वाढत होता. सासरी जाताना मी रडत होते तर मला म्हणतो, “रडू नको पोरी, आज लई मोकळं वाटतंय मला.” भाचीला असा निरोप देणारा मामा मी दुसरा बघितला नाही.

त्यानंतर कधी तरी मुंबईहून चेकही आले. पंगतीत आमची पाळी लागली होती. भांड्यात खालची खरवड होती तेवढी मिळाली. आईला आलेल्या रकमेत पाटल्या नाही, पण काचेच्या बांगड्या डझनांनी आल्या असत्या. तरी मामानं ते चेक घरोघर स्वतः नेऊन दिले, जणू प्रसाद. आणि मला म्हणाला, “वकीलीणबाई, तुमचे अर्ज फळाला आले.” ते त्यानं हसत म्हटलं, पण मी मात्र महिनाभर सासरी मान वर करून वावरले.

आता मामाची जी चूक मी सांगणार आहे, ती त्याच्यासारख्याच माणसाच्या हातून होऊ शकते. आहेर नाकारता येत नाही हे त्याच्या लक्षात होतं. आहेर फेडावा लागतो, हे तो विसरला.

त्याच्या लेकीचं, सुनीताचं लग्न निघालं. रांजणगावला घरासमोरच मांडव. आणि माइकवाला सुरू झाला. “दगडूबांकडून … पाच हजार पाचशे एक!” मागोमाग, “साडेतीन हजार …” ज्याच्या त्याच्या घरची वही निघाली होती, आणि ज्यानं जेवढं दिलं त्याला तेवढं परत, वर थोडं चढवून, ही आमच्याकडची रीत. मामा बोहल्यावरून धावत आला. “लिहू नका! थांबा, लिहू नका!” त्यानं माइकवाल्याचा हात धरला, माइक चालूच होता, आणि सगळ्या रांजणगावानं ऐकलं, “अहो, हे माझेच पैसे हायेत! म्या फेडलेत हे!”

मांडवात हसण्याची जी लाट उठली, ती कशाची ते आत बसलेल्या नवऱ्या मुलाकडच्यांना काही कळेना. दगडूकाका काठी टेकत पुढं आला. “तुझेच तर देतोय, येड्या. वरचे पाचशे आमचे.”

“काका, अहो मला सुटू द्या ना यातून …”

“कामून? सुटून कुठं जायचंय तुला?”

मामा वही ओढायला वळला. तेवढ्यात त्यानं बघितलं, आई सुनीताजवळ बसून तिच्या हातात काहीतरी चढवत होती. आत्याचा आहेर. मामा तिच्यासमोर उकिडवा बसला. “आक्का, तू बी?” आई वर न बघता पाटली सारत म्हणाली, “पोरीचं मनगट तुझ्यासारखंच काडी हाय. सैल व्हत्यात. हितं दोरा गुंडाळ.” आणि दोरा त्याच्याच हातात दिला. मामा दोरा गुंडाळत होता आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी दोऱ्यावर पडत होतं. त्या वेळी मी काय केलं? मी फोटो काढायला गेले, तर कॅमेऱ्यात रोल नव्हता.

तेव्हापासून हे चालूच राहिलं. मामानं परत त्यांच्या लग्नांत दिलं, त्यांनी विजूच्या लग्नात परत केलं. कंपनी कधीच मातीत मिसळून गेली, तिचे पैसे मात्र आमच्या भावकीत लग्नालग्नांतून फिरत राहिले. दर खेपेला मामा त्रागा करायचा, आणि दर खेपेला पहिल्या पंगतीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत मांडवात असायचा.

शेवटच्या आजारपणात त्यानं विजूला बजावून ठेवलं होतं. “माझ्या मागं दुखवट्याचं टॉवेल-टोपी कुनाकडून घ्यायचं नाय. मी फेडायला नसंन. माझ्याकडं कुनाचं काय राहता कामा नये.” तेराव्याला विजू दारात हात जोडून उभा राहिला. सिल्लोडकडून जीप भरून माणसं आलेली, प्रत्येकाच्या हातात पिशवी. विजू एकेकाला सांगत होता, “बाबांनी नको म्हटलंय.” वडीलधारी माणसं पिशव्या पोटाशी धरून उभी, बसावं की नाही तेही त्यांना कळेना. दगडूकाका आता फार थकलाय, दोघांनी धरून आणलेला; तोही तसाच उभा.

आई मागून आली. ऐंशीच्या घरातली बाई, वाकून चालते. “बाजूला व्हा जरा,” म्हणाली. “विज्या, खाली बस.”

“आत्या, बाबांचा शब्द हाय …”

“तुझ्या बापावर म्या एकदा भरवसा ठेवला. कंपनीत पैसे घातले. आता नाय ऐकत. बस खाली.”

विजू बसला. आईनं पिशवीतून टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला, आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मग दगडूकाकाला पुढं आणलं. मग बाकीचे. टोपीवर टोपी, टोपीवर टोपी. विजूच्या डोक्यावर एवढा मनोरा झाला की तो हातांनी सावरत बसला, आणि टॉवेलांत त्याचं तोंड दिसेना. आतल्या खोलीतून मामी बघत होती. ती पदर तोंडाला लावून रडत होती की हसत होती, मला सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही.

परवा रांजणगावला जाऊन आले. मामाच्या कॉटवर ते सगळे टॉवेल रचून ठेवलेत, पांढरे, लाल काठाचे, निळ्या काठाचे, घड्यासुद्धा मोडलेल्या नाहीत. मामी कॉटवर बसत नाही, खाली बसते. म्हणाली, “येवढ्या टॉवेलांचं काय करू माय? अन् ह्या पोरानं कुनाकुनाचं फेडायचं?”

विजू शिफ्टला निघाला होता. बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, “सगळ्यांचं फेडीन की. घाई काय हाय?” बाहेर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. त्यानं मामाच्या कॉटवरच्या ढिगातला वरचा टॉवेल ओढला, घडी झटकून मोडली, घाम पुसायला खांद्यावर टाकला आणि पळतच गेला.